नकोसे कोणाला?

मराठीत नावड सांगणारी विशेषणे पुष्कळ आहेत. पण ती वाक्यात नेमकी बसवणारे लेखक विरळ होत चालले आहेत. नावडता, नकोसा, नाराज, नाखूष, अनिच्छुक हे सारे शब्द जणू एकाच पोत्यातले धान्य असावे, अशा थाटात हाताला येईल ते वापरण्याची रीत पडली आहे. दिवाळीच्या दिवसांत व्याकरण कोण वाचणार, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या शब्दांची पारख फराळाच्या ताटावर जितकी चांगली होते तितकी वर्गात होत नाही.

भूमचेच उदाहरण घ्या. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला हा तालुका खव्यासाठी प्रसिद्ध. तालुक्यातल्या कुंथलगिरीचे नाव जैन यात्रेकरू सिद्धक्षेत्र म्हणून घेतात, आणि बाकीचे बहुधा पेढ्यासाठी! दिवसभर भट्टीपाशी दूध आटवणाऱ्या माणसापुढे संध्याकाळी पेढा धरला तर तो मान हलवील. म्हणून पेढा त्याचा नावडता पदार्थ ठरतो काय? मुळीच नाही. पेढा त्याला नकोसा झाला आहे, इतकेच. नावड मुक्कामाला राहते. नकोसेपण येते आणि जाते, आणि पुष्कळदा अति झाल्यामुळेच येते. पाचवी करंजी नकोशी होते, पहिली कधी होत नाही. कारले मात्र एखाद्याला जन्मभर नावडते असते. म्हणूनच 'नकोसा'च्या पाठीशी 'होणे' आणि 'वाटणे' ही क्रियापदे शोभतात, आणि 'नावडता' त्यांच्यावाचूनही खुशाल उभा राहतो.

पण खरी गोम ह्याहून खोल आहे. पेढा नकोसा, करंजी नकोशी, जेवण नकोसे, करंज्या नकोशा. विशेषण लिंग-वचनाला वाकते आहे ते वस्तूच्या. ज्याला ती वस्तू नको आहे तो माणूस 'मला', 'त्याला', 'आजीला' असा बाजूला उभा असतो. उलट, नाराज आणि नाखूष हे शब्द माणसालाच चिकटतात. तो जायला नाखूष, ती भावावर नाराज. एकाच घरातली दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा : 'सून नाखूष आहे' आणि 'सून नकोशी आहे'. पहिल्यात नावड सुनेच्या मनात आहे. दुसऱ्यात ती दुसऱ्या कोणाच्या मनात आहे आणि सोसायची मात्र सुनेला. 'मी ह्या नोकरीला नकोसा झालो' असे लिहिणाऱ्याला बहुधा नोकरीचा कंटाळा सांगायचा असतो. प्रत्यक्षात तो आपल्याला काढून टाकण्याची वेळ आल्याचे सांगून बसतो.

मराठवाड्याला हे शब्द दोन्ही अंगांनी ओळखीचे आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दप्तराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. नाराज, नाखूष, नापसंत, बेजार ही मंडळी मराठीत त्याच्या कितीतरी आधी फारसीबरोबर येऊन बसली होती. मौज अशी की, ह्या देवघेवीत मराठीनेही आपला एक शब्द दिला. हैदराबादेकडच्या दक्खिनीतले ठसकेबाज 'नक्को' हे आपलेच 'नको'. नकार आपण दिला आणि नाराजी घेतली. व्यवहार काही वाईट झाला नाही.

राजी नसलेला तो नाराज, हा मूळचा अर्थ. आता त्यात रुसवा शिरला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. शब्द मुलुख बदलतात तसे स्वभावही बदलतात. 'राजीनामा' मुळात संमतीचा कागद. आज तो पद सोडण्याचा आहे. पण वर्तमानपत्रांनी 'नाराज' ह्या शब्दाची जी अवस्था केली आहे ती पाहवत नाही. ज्याला मंत्रिपद मिळाले नाही तो नाराज, आणि ते मिळाले की नाराजी दूर! कोणावर, कशाबद्दल, हे विचारायचे नाही. 'अनिच्छुक'ची निराळीच तऱ्हा. हा बिचारा सरकारी भाषांतरात जन्मला. 'शेतकरी जमीन द्यायला तयार नाहीत' ह्या सरळ वाक्याऐवजी 'अनिच्छुक खातेदार' असे लिहिले की त्यांच्या नकाराची धारच जाते.

नावड कोणाची, हे वाक्यातून गळाले की काय होते ते आपल्या एका जुन्या म्हणीत दिसते. नावडतीचे मीठ अळणी. मीठ तेच, हात तोच, चव मात्र राजाच्या जिभेवर ठरते. पण म्हणीत राजा कुठेही नाही. 'राजाला नावडती' होती ती नुसती 'नावडती' झाली. मन राजाचे होते, ते तिचे लक्षण होऊन बसले. म्हण करणाऱ्याला हे ठाऊक होते, म्हणून तर ती बोचते. पुढच्या उदाहरणात तेवढीही जाणीव नाही.

आपल्या काही घरांत मुलीमागून मुलगी झाली की तिचे नाव नकुसा, नकुशी असे ठेवीत. पुढे तरी मुलगा व्हावा, ही समजूत. दगडू, धोंडू, केरू ह्या नावांशी त्याची गल्लत करू नये. तिथे मूल जगावे म्हणून त्याला दगड म्हणत. दृष्ट चुकवण्याची ती युक्ती होती, आणि मूल मनापासून हवे असे. नकुसाच्या नावात युक्ती नाही, सरळ अर्थ आहे. २०११ च्या जनगणनेत भूमला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे तो अर्थ किती दूरवर पसरला होता ते कळते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. त्यापूर्वी शाळेच्या हजेरीत ह्याच विशेषणाला त्यांनी रोज 'हजर' म्हटले असेल.

कोणाला नकोशी? आईला, बापाला, आजीला, की गावाला? वाक्य पुरे लिहायचे तर ह्यांपैकी कोणाला तरी चतुर्थीत उभे राहावे लागते, आणि तिथे उभे राहायला कोणी राजी नसते. मग विशेषणच विशेषनाम करून टाकले की काम भागते. त्यात विशेषणाचे वळणसुद्धा मोडले. व्याकरणाने मुलगी नकोशी व्हायला हवी. पण पुष्कळ ठिकाणी नाव पडले ते 'नकुसा', मुलाला शोभणाऱ्या आकारान्त रूपात.