ढवळणी झकास, पण बाटलीत नक्की काय?

कोलॉइडल सिल्व्हर म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण. अमेरिकेतले हौशी लोक ते घरी बनवून पितात. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीला एक जोडून, चांदीच्या दोन तारा डिस्टिल्ड वॉटरमध्ये. खाली कॉम्प्युटरचा जुना पंखा, त्यावर चिकटवलेले दोन चुंबक, आणि ग्लासच्या तळाशी गरगरणारी चुंबकाची कांडी.

आधी कौतुक करतो. हा स्टरर खरंच चांगला आहे. ढवळलं नाही तर तारेजवळ चांदीचे आयन साचतात, दुसऱ्या तारेवर काळपट बुरशीसारखा थर वाढतो आणि त्याचे तुकडे पाण्यात पडतात. ढवळल्यावर हे बरंच कमी होतं. आमच्या लॅबमधला महागडा स्टररही तत्त्वतः हेच करतो, फक्त दिसायला देखणा.

घोळ आहे तो पुढे. पाण्यात आयन वाढले की पाणी वीज जास्त वाहून नेतं, म्हणजे प्रवाह वाढतो, म्हणजे आयन आणखी भराभर सुटतात. नुसत्या बॅटरीवर ‘दोन तास चालवा’ म्हणणं म्हणजे आच न सांगता भात शिजवायला सांगणं. प्रवाह स्थिर ठेवलात तर फॅरेडेच्या नियमाने हिशोब मांडता येतो: १ मिलिअँपिअरने १ तासात साधारण ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. तीही सगळी पाण्यात राहत नाही; काही दुसऱ्या तारेवर जाऊन बसते.

मग मोजायचं कसं? बहुतेक जण टीडीएस मीटर बुडवतात. अहो, तो विद्युतवाहकता मोजतो! कण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. लेझरची रेघ दिसली तर कण आहेत एवढंच कळतं. किती आणि केवढे, ते नाही. पिवळसर रंग हा जरा बरा पुरावा, कारण चांदीचे नॅनोकण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. पण पाणी स्वच्छ, रंगहीन असेल, तर चांदी बहुतांशी आयनांच्या रूपात आहे असं समजा. मग नावातलं ‘कोलॉइडल’ कशाच्या जोरावर? आणि हे आयन पोटात गेले की तिथल्या आम्लातल्या क्लोराइडशी गाठ पडते आणि सिल्व्हर क्लोराइड बनतं.

माँटानातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ मध्ये, वायटूकेमुळे प्रतिजैविकं मिळेनाशी होतील या भीतीने, असंच पाणी घरी बनवून प्यायला सुरुवात केली. त्यांची कातडी निळसर-राखाडी झाली. याला अर्जिरिया म्हणतात. चांदी त्वचेत साठते, उजेडाने काळवंडते (जुनी फोटोफिल्म आठवा) आणि आपोआप जात नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने विनाचिठ्ठी औषधांतली कोलॉइडल सिल्व्हर सुरक्षित आणि परिणामकारक मानत नसल्याचं जाहीर केलं.

भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीचं मलम देतात, ते वेगळं. तिथे सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का असं ट्यूबवर छापलेलं असतं, आणि ते वरून लावायचं असतं.

स्टरर मात्र जरूर करून बघा. ग्लासात मोरचूद टाका आणि निळा रंग किती वेळात सगळीकडे पसरतो ते घड्याळ लावून मोजा, एकदा पंखा बंद ठेवून, एकदा चालू करून. फक्त तो ग्लास परत स्वयंपाकघरात नेऊ नका.