भालजी पेंढारकर : साध्या माणसांचा निर्माता

भालजी पेंढारकर यांचे नाव निघाले की रसिकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो शिवकाल. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटांनी ती प्रतिमा दृढ केली. ती खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे, असे आमचे मत आहे.

दिग्दर्शकाची परीक्षा पडद्यावर होते, निर्मात्याची संकटात. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. त्या आगीत ‘मीठभाकर’ही गेला. भालजींनी तो नव्याने चित्रित करून १९४९ साली प्रेक्षकांपुढे आणला. पुढे स्टुडिओची मालकी लता मंगेशकर यांच्याकडे गेली. तरी भालजींनी कोल्हापूर सोडले नाही. मराठी चित्रपट मुंबईबाहेरही उभा राहू शकतो, हा विश्वास त्यांनी असा जपला. कोल्हापूरशी रोजचे नाते असलेल्या बेळगाव-निपाणीकरांना त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्यांच्या निर्मितीचे मर्म आम्हांस सर्वाधिक जाणवते ते ‘साधी माणसं’ (१९६५) मध्ये. नायक राजा नाही, सरदार नाही, लोहार आहे. जगदीश खेबुडकरांचे ऐरणीचे गीत आणि ‘आनंदघन’ या नावाने लताबाईंनी दिलेले संगीत यांनी भात्यापुढच्या कष्टांना पूजेची प्रतिष्ठा दिली.

येथेच आमचा एक आक्षेपही आहे. भालजींच्या जगात गाव म्हणजे सचोटी आणि शहर म्हणजे मोह, अशी विभागणी फार सोपी होते. आमच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या भट्टीपुढे आणि लेथवर आयुष्य वेचलेल्या कारागिरांनी खेडे मागे ठेवले. सचोटी ठेवली नाही. मापात सुताचाही फरक पडला तर नग बाजूला काढणारा कामगार त्याच लोहाराचा वंशज होय. यंत्रयुगातील हा साधा माणूस भालजींच्या नजरेतून निसटला.

तरीही श्रमाला नायकत्व देण्याचे त्यांचे ऋण मोठे आहे. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. १९९४ साली ते गेले. आत्मचरित्रास मात्र त्यांनी नाव दिले ‘साधा माणूस’. त्यांच्या शिवपटांचा गौरव होत राहीलच. आमच्या तरुणांनी ‘साधी माणसं’ही आवर्जून पाहावा आणि त्याची उणीव भरून काढणारी कथा येथल्या भट्ट्यांतून शोधावी.