फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न : अर्धीच सांगितलेली गोष्ट

काही गावे दिली आहेत. प्रत्येक गावी एकदाच जाऊन निघालो तिथे परत यायचे आहे. सर्वांत कमी अंतराची फेरी कोणती? हा 'फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न' गणितावरील लोकप्रिय लेखांत हमखास भेटतो. लेखक शक्य फेऱ्या मोजून दाखवतो आणि 'इथे संगणकही हात टेकतो' असे म्हणून थांबतो. या मांडणीत दोन उणिवा आहेत.

ओळखीचे उदाहरण घेऊ. अष्टविनायकांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात आणि एक, सिद्धटेक, आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात. प्रथेप्रमाणे यात्रा मोरगावला सुरू होऊन तिथेच संपते. सिद्धटेकनंतर पाली, महड आणि मग थेऊर. थेऊर तर पालीला जातानाच वाटेजवळ लागते! अर्थात हा क्रम श्रद्धेचा आहे, अंतराचा नव्हे. अंतरच पाहायचे तर आठ ठिकाणांच्या २५२० फेऱ्या होतात. वीस ठिकाणांसाठी हा आकडा ६ वर १६ शून्ये एवढा होतो.

पण 'शक्यता पुष्कळ, म्हणून प्रश्न अवघड' हे कारण चूक आहे. हीच आठ ठिकाणे सात रस्त्यांनी अशी जोडा, की कुठूनही कुठेही जाता यावे. अशा जोडण्या २,६२,१४४ आहेत, म्हणजे फेऱ्यांच्या शंभरपटीहून अधिक. तरी सर्वांत कमी लांबीची जोडणी सहज मिळते. लहानात लहान रस्ता निवडत जा, वेढा पूर्ण करणारा रस्ता तेवढा सोडा. फेरीसाठी अशी झटपट रीत कुणाला सापडलेली नाही, आणि ती नाहीच हेही सिद्ध झालेले नाही.

दुसरी उणीव अधिक मोठी. उत्तम फेरी माहीत नसतानाही तिच्याविषयी हमी देता येते, हे लेखात येतच नाही. उत्तम फेरीतला एक टप्पा काढला की एक जोडणी उरते. म्हणून सर्वांत लहान जोडणी त्या फेरीपेक्षा लांब असू शकत नाही. आता जोडणीतील प्रत्येक रस्त्याने एकदा जा, एकदा या, आणि पाहून झालेली गावे टाळून थेट पुढे चला. ही फेरी उत्तम फेरीच्या दुपटीहून मोठी होणार नाही. मात्र थेट वाट वळशाच्या वाटेपेक्षा लांब नसावी. अंतराऐवजी तिकिटाचे पैसे धरले आणि थेट जाणेच महाग पडत असेल, तर ही हमी उरत नाही.

१९७६ मध्ये क्रिस्टोफिडीस यांनी दुपटीची दीडपट केली. कार्लिन, क्लाइन आणि ओव्हेस घरान यांनी २०२० मध्ये ती केसभर कमी केली. जाण्यायेण्याची अंतरे वेगळी असतील, तर ठरावीक पटीची हमी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

'हात टेकले' ऐकून विद्यार्थी वही मिटतो. दुपटीची सिद्धता मात्र तो नकाशा, टाचण्या आणि दोरा घेऊन स्वतः करू शकतो. वर्गात सांगायची ती हीच अर्धी गोष्ट.