गाभा एक, दारे दोन

जुन्या संगणकप्रणालीला नवे कामकाज जोडताना नेमके काय सुटते, हे पाहायला मेनफ्रेमवरचे जाडजूड ग्रंथ नकोत. मी राहतो त्या मानखुर्दमधल्या कुणाचेही रेल्वेचे वेटिंग तिकीट पुरे.

रेल्वेचे संगणकीय आरक्षण 1985-86 मध्ये दिल्लीत सुरू झाले. तो काटेकोर अर्थाने मेनफ्रेम नव्हता, व्हॅक्स जातीचा संगणक होता. शिस्त मात्र तीच. एक बर्थ दोघांना जाता कामा नये. व्यवहार पुरा झाला तर झाला, नाहीतर जणू सुरूच झाला नाही. पुढे ‘क्रिस’च्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने देशभरची केंद्रे जोडली. 2002 मध्ये आयआरसीटीसीचे संकेतस्थळ आले, तेव्हा हा गाभा न मोडता त्याला नवे दार बसवले गेले. सुरुवातीला नोंदणी संकेतस्थळावर होई आणि छापील तिकीट कुरिअरने घरी येई. ई-तिकीट 2005 मध्ये आले. चालता गाभा न मोडण्याचा हा निर्णय मला शहाणपणाचाच वाटतो.

माझा आक्षेप गाभ्याभोवती रचलेल्या कामकाजावर आहे. चार्ट लागल्यावरही सगळे प्रवासी वेटिंगवरच राहिले, तर ई-तिकीट आपोआप रद्द होते आणि कपात होऊन पैसे खात्यात येतात. खिडकीवरचे तिकीट त्याच प्रतीक्षायादीत असते, पण ते गाडी सुटण्याच्या 30 मिनिटे आधीपर्यंत प्रवाशाने स्वतः रद्द करायचे. संकेतस्थळावरून किंवा 139 वरून ते रद्द करता येते. मात्र रोख भरलेले पैसे घ्यायला कागद घेऊन पुन्हा खिडकीच गाठावी लागते. म्हणजे व्यवहार जोडला गेला, पण त्यामागचे काम अर्धे जोडले गेले. उरलेले अर्धे प्रवाशाच्या पायांवर आले.

यावर उत्तर तयार असते: कागद हातात असेपर्यंत कुणी गाडीत चढू शकतो, शिवाय रोखीच्या व्यवहारात खाते ठाऊक नसते. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण जागा असल्यास वरच्या वर्गात बदल चालेल का, असा रकाना आरक्षणाच्या फॉर्मवर आहेच. चार्टनंतर वेटिंग तिकीट आपोआप रद्द करायचे का, असा आणखी एक रकाना घालता येईल. ‘हो’ म्हणणाऱ्याच्या तिकिटावर चार्टनंतर प्रवास नाही. पैसे सवडीने खिडकीवर घ्यावेत. बर्थवाटपाच्या गाभ्याला त्यासाठी हात लावायची गरज नाही.

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडात रुळांलगतची अनेक कुटुंबे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात हलवली गेली. रोजंदारीवरच्या माणसाला खिडकीची दुसरी फेरी म्हणजे बुडालेला खाडा, आणि मुदत हुकली तर तिकिटाचेही पैसे गेले. दार कोणते, यावर हे ठरू नये. यादी दोघांची एकच आहे.