बोगदा एकच, पेपर अनेक

टनेल इंजिनिअरिंगमधल्या एआयवर संशोधन करायचं ठरवत असाल, तर लिटरेचर रिव्ह्यू करताना न्यूयॉर्कचा क्वीन्स वॉटर टनेल तुम्हाला हमखास भेटेल. सफेत यागिझ यांनी २००८ मध्ये तिथल्या सुमारे १५० नोंदींवरून टीबीएम खडकात किती वेगाने शिरेल, याचं समीकरण मांडलं. त्यात चारच गोष्टी होत्या: खडकाची दाबशक्ती, ठिसूळपणा, कमकुवत प्रतलांमधलं अंतर आणि त्या प्रतलांचा बोगद्याशी होणारा कोन. काम मोलाचंच आहे.

पुढे त्याच नोंदींवर न्यूरल नेटवर्क, पार्टिकल स्वॉर्म, सपोर्ट व्हेक्टर मशीन असे प्रयोग होत गेले. माझा आक्षेप इथे आहे. अल्गोरिदम बदलले, खडक मात्र तोच राहिला. मग आर-स्क्वेअर थोडा वाढला, तर बोगद्यांबद्दल आपल्याला नवीन काय कळलं?

असे पेपर वाचताना दोन गोष्टी नक्की तपासा.

पहिली, डेटा कसा विभागला? शेजारच्या दोन मीटरमधला खडक बहुतेक वेळा सारखाच असतो. नोंदी पत्त्यांसारख्या पिसून ७०-३० अशा वाटल्या, तर परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर मॉडेलने शेजारी आधीच पाहिलेलं असतं. माझं पहिलं मॉडेल असंच ‘हुशार’ होतं. चेनेजनुसार सलग तुकडे पाडून तपासलं आणि सगळी हुशारी उतरली. वाईट वाटलं, पण हे व्हायव्हाच्या आधी कळलं ते बरं झालं.

दुसरी, इनपुटमध्ये उत्तर लपलंय का? टीबीएमचा खोदण्याचा वेग म्हणजे दर फेऱ्यामागची खोली गुणिले मिनिटाचे फेरे. हे दोन्ही इनपुटमध्ये दिले, तर मॉडेल फक्त गुणाकार शिकतं!

हा नुसता पुस्तकी वाद नाही. मुंबई मेट्रो ३ चा ३३.५ किमीचा मार्ग बेसॉल्ट, ब्रेशिया आणि टफमधून गेला. क्वीन्सच्या रूपांतरित खडकावर शिकलेलं मॉडेल इथे न तपासता वापरलं, तर कटर किती लागतील आणि काम कधी संपेल, दोन्ही अंदाज चुकू शकतात.

म्हणून नवीन अल्गोरिदम शोधण्याआधी दुसऱ्या बोगद्याचा डेटा शोधा. एका बोगद्यावर शिकवा, दुसऱ्यावर तपासा. आकडा कमी आला तरी तोच थिसिसमध्ये लिहा. गाइडसमोर त्याचा बचाव तुम्हाला छातीठोकपणे करता येईल.