तीर्थरूपांस, गोव्याहून

आमच्या घरी पत्र मोठ्याने वाचण्याची चाल होती. थोरले बंधू १९६१ साली नोकरीसाठी एडनला गेले, आणि पंधरवड्याने त्यांचे पत्र येऊ लागले. संध्याकाळी दिवा लागला की वडील चष्मा चढवून ओटीवर बसत, आम्ही भावंडे भोवती, शेजारचे दोघेतिघे दाराशी, आणि आई माजघराच्या उंबऱ्यात. पत्रात काय नसे? बंदरातली जहाजे, उंटांच्या गाड्या, बाजारातले मासे, पाण्याचा दुष्काळ. ऐकणारे माना डोलवीत. वाचन संपले की आई एवढेच विचारी, "त्याच्या खोकल्याचं काय लिहिलंय?" वडील पत्र उलटसुलट करून म्हणत, "तसं काही नाही." मग ती उठताना पुटपुटे, "मग आलं काय नि न आलं काय, सारखंच."

पुढे मी वाङ्मयाचा विद्यार्थी झालो, समीक्षेचे ग्रंथ वाचले, शिकवलेही. परंतु परदेशातून घरी लिहिलेले कोणतेही पत्र हाती आले की आईचा तो प्रश्न माझ्या मनात प्रथम उभा राहतो. समीक्षेच्या शास्त्रात तो बसत नसेल. मला तरी त्याच्याहून धारदार कसोटी अजून सापडलेली नाही. या दिवाळीला ज्या पत्राविषयी लिहायचे योजले आहे, ते मी याच कसोटीवर घासून पाहिले आहे.

पत्र लिहिणारा आपल्या ओळखीचा आहे. 'ख्रिस्तपुराण'कर्ता फादर थॉमस स्टीफन्स. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या, साहित्य संमेलनांच्या व्यासपीठांवरून ऐकल्या, आणि 'एका इंग्रजाने आपल्या भाषेचे किती कौतुक केले!' म्हणून सुखावलो. मात्र हा इंग्रज तिशीच्या उंबरठ्यावर गोव्यात उतरला तेव्हा मराठीचा एक शब्दही न येणारा एक नवखा मिशनरी होता, आणि उतरल्यावर पंधरा-सतरा दिवसांतच, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्याने आपल्या वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. 'ख्रिस्तपुराणा'च्या अकरा हजारांच्या आसपास ओव्यांपुढे हे पत्र म्हणजे चार-सहा पानांचा मजकूर. पण मला विचाराल तर कवी स्टीफन्सची पहिली ओळख येथेच पटते.

विल्टशायर परगण्यातला हा मुलगा. वडील लंडनचे व्यापारी. इंग्लंडात तेव्हा एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि जुन्या कॅथलिक पंथाला धरून राहणे म्हणजे तुरुंगाची वाट होती. स्टीफन्सचा जिवलग मित्र थॉमस पाउंड त्या वाटेने गेलाही. स्टीफन्स मात्र निसटून रोमला पोचला आणि १५७५ साली तेथील सेंट अँड्र्यूच्या आश्रमात जेझुइट संघाचा उमेदवार म्हणून दाखल झाला. या संघाचे शिक्षण सैनिकी थाटाचे: वरिष्ठ सांगतील तेथे जायचे, का म्हणून विचारायचे नाही. पत्रे लिहिण्याचेही शिक्षण असे. संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने १५४२ सालीच आपल्या सहकाऱ्यांना बजावले होते की मुख्य पत्र असे लिहा की ते कोणाच्याही हाती देता यावे. एकदा लिहा, तपासा आणि मग पुन्हा लिहा. खासगी मजकूर असेल तर तो वेगळ्या चिठोऱ्यावर. म्हणजे ओटीवर वाचायचे पत्र निराळे आणि माजघरातले निराळे! आमच्या आईला हे कळते तर तिने त्या साधुपुरुषाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडले नसते.

असल्या शिस्तीत घडलेली पत्रे पुष्कळदा कोरडी होतात. फ्रान्सिस झेवियरसारखा एखादाच. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेल्या या माणसाने युरोपातल्या सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून घेतल्या आणि त्या तो स्वतःजवळ बाळगीत असे. शिस्तीच्या पोटात माया कशी जागा करून घेते पाहा!

स्टीफन्सचे पत्र उघडते ते वडिलांच्या आशीर्वादाच्या याचनेने, आणि लगोलग आईलाही नमस्कार. आपल्याकडच्या 'शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.'चीच ही विलायती बहीण. पुढे तो सांगतो, मी का गेलो हे फार खुलासेवार लिहीत नाही. एका शब्दात सांगायचे तर आज्ञापालन. बस्स. मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला आणि बापाला त्याचे कारण एका शब्दात मिळाले. हा शब्द संघाने शिकवलेला आहे, स्टीफन्सचा स्वतःचा नाही, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

तो शब्द एकदाचा टाकून झाला आणि माणूस मोकळा झाला. मग जे सुरू होते ते खरे लेखन. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे सुटली. कर्णे वाजले, तोफा झाडल्या. जहाजावर खलाशी, शिपाई, शिवाय पुष्कळशी मुले आणि काही बायाही. सहा दिवसांनी मदेराजवळ एक नवलच घडले. एका इंग्रज जहाजाने यांच्यावर गोळे टाकले! यांनी मोठ्या तोफा बाहेर काढताच ते पळाले. पोर्तुगीज गलबतावर उभा असलेला एक इंग्रज तरुण आपल्याच देशाच्या तोफांसमोर सापडला होता. दुसरा कोणी असता तर येथे त्याने पानभर उद्गार काढले असते. स्टीफन्स एवढेच म्हणतो की जहाज मोठे देखणे होते आणि असल्या वाईट उद्योगाला लागलेले पाहून मला खेद वाटला. देशाविषयी त्याच्या मनात जे काही होते ते सगळे 'देखणे' या एका शब्दात येऊन बसले आहे. लिहिणाऱ्यांनी हा संयम अभ्यासावा.

मग समुद्र. विषुववृत्ताजवळचे वारा पडलेले दिवस. पाण्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे तरंगणारे, खाली दोरे सोडलेले आणि हात लावाल तर जीव धोक्यात घालणारे ते रंगीत विष. (कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हा प्राणी वाहून येतो तेव्हा पोरांना आजही दटावावे लागते.) अजस्र शार्क मासा आणि त्याच्या पुढेमागे चालणारे निळ्याहिरव्या पट्ट्यांचे सहासात छोटे मासे, जणू एखाद्या सरदाराचे नीटनेटके हुजरे! ही उपमा लंडनच्या व्यापाऱ्याला चटकन दिसावी म्हणून योजलेली आहे. वडिलांनी शार्क पाहिलेला नाही, पण हुजऱ्यांचा लवाजमा घेऊन चाललेले उमराव रोज पाहिले आहेत. न पाहिलेले पाहिलेल्याच्या आधाराने दाखवायचे, ही कवीची मूळ विद्या. ती याला शिकवणीने आलेली नव्हती.

दिशांचा भाग तर मला फारच आवडतो. उत्तर-दक्षिण प्रवासात आकाश मदत करते. पूर्व-पश्चिम जाताना आकाशात एकही स्थिर बिंदू नाही, तेव्हा करायचे काय? तर पूर्वी गेलेल्या खलाशांनी दिसलेला प्रत्येक पक्षी, हवेतली आणि पाण्यातली प्रत्येक खूण टिपून ठेवली आहे, आणि त्या टिपणांवर जहाज चालते. जुलैअखेर केप ऑफ गुड होप आले. वादळ नव्हते, पण सुकाणूवाल्याच्या चुकीने जहाज किनाऱ्याकडे ओढले गेले आणि मरण हाताच्या अंतरावर उभे राहिले. पुढे उशीर झाल्यामुळे मादागास्करच्या बाहेरून जाणारा लांबचा मार्ग धरावा लागला. हिंदुस्थान जवळ आला म्हणावे तो प्रवाहाने ओढून सोकोत्राकडे नेले! अखेर पाण्यावर ताडामाडाच्या फांद्या दिसल्या, पोहणारे साप दिसले, आणि २४ ऑक्टोबरला गोवा लागले.

आणि या लांबच्या मार्गाच्या वर्णनात, तुमच्या-माझ्या नजरेतून सहज निसटेल असे ते वाक्य येते. अन्नपाण्याच्या टंचाईने हिरड्या सुजतात, त्या कापून काढाव्या लागतात. पाय सुजतात, अंग बधिर होते, हातपाय हलत नाहीत आणि माणूस मरतो. आमच्या जहाजावर दीडशेहून अधिक आजारी पडले, सत्तावीस गेले, आणि इतर वेळांच्या मानाने ही हानी थोडीच मानतात. आमच्या मंडळींपैकीही काही आजारी झाले. माझी तब्येत मात्र, देवाच्या कृपेने, पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध, वाटभर चांगली राहिली.

'पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध'! म्हणजे हा मुलगा मुळात नाजूक होता. हा वाट काढणार नाही असे लोक म्हणत होते, आणि तसे म्हणणाऱ्यांत घरची माणसेही असणार असा माझा तर्क आहे. पत्राच्या आरंभी आईला नमस्कार आहे. तिचा प्रश्न येथे, सुजलेल्या हिरड्यांच्या आणि सत्तावीस मृत्यूंच्या आड, एका वाक्यात उत्तरला गेला आहे. एडनच्या पत्रांत जे आईला कधी मिळाले नाही ते विल्टशायरच्या त्या माउलीला साडेचारशे वर्षांपूर्वी मिळाले होते.

कोणी म्हणेल, धर्मप्रसाराला निघालेल्या माणसाच्या पत्रात धर्म इतका थोडा कसा? माझी समजूत अशी की हे पत्र इंग्लंडात भलत्याच्या हाती पडले असते तर बापावर संकट आले असते. स्टीफन्सचा समकालीन जेझुइट एडमंड कँपियन याला १५८१ साली लंडनमध्ये फाशी दिले, यावरून हवा कशी होती ते कळते. मौज अशी की पत्र भलत्याच्या हाती पडलेच. रिचर्ड हॅक्लुइटने १५८९ साली इंग्रजांच्या समुद्रप्रवासांचा जो मोठा ग्रंथ छापला त्यात ते घातले. देशबांधवांना पूर्वेच्या व्यापाराची वाट दाखवावी हा त्याचा हेतू. मुलाने बापाला लिहिले आणि ते व्यापाऱ्यांनी वाचले.

घरची पत्रे अशी बाजारात येणे नेहमीच सुखाचे नसते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची हॅरिएट न्यूएल ही लग्नानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १८१२ मध्ये, मिशनरी नवऱ्याबरोबर हिंदुस्थानला निघाली. कलकत्त्याला कंपनी सरकारने राहू दिले नाही. वाटेत तान्ही मुलगी गेली, आणि ३० नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये हीही गेली. वय अवघे एकोणीस. नवरा पुढे मुंबईला आला आणि १८२१ साली तेथेच वारला. तिची आईला लिहिलेली पत्रे आणि रोजनिशी १८१४ साली ग्रंथरूपाने निघाली आणि घरोघर वाचली गेली. त्या पत्रांना मी नावे ठेवणार नाही, माझी छाती होत नाही. पण त्यांत आईची आठवण जेथे दाटून येते तेथे ताबडतोब कर्तव्याचा उपदेश तिला झाकायला धावतो. स्टीफन्स निदान एक शब्द देऊन कर्तव्यातून सुटतो.

तरी त्याच्या पत्राचा शेवट मला उणा वाटतो. माशांना, पक्ष्यांना, दोरे सोडलेल्या विषारी तुऱ्याला इतकी जागा देणारा हा लेखक गोव्यातल्या माणसांना दोन-तीन वाक्यांत उरकतो: रंगाने सावळे, कमरेला वीतभर कापड, आणि त्यात त्यांना आपल्या साऱ्या पोशाखाइतकेच बरे वाटते. झाले! पंधरा दिवसांच्या पाहुण्याला याहून अधिक काय दिसणार, हे मान्य. परंतु चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ च्या पत्रात, तो पॅरिसमधल्या रिचर्ड या भावाला कुंकळ्ळीची हकीकत कळवतो, तेव्हा ही सबब चालत नाही. त्या वर्षी जुलैत तेथील ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते. स्टीफन्स ती हौतात्म्याची कथा म्हणून सांगतो. सहकारी गमावलेल्या माणसाचे दुःख त्यात आहे आणि ते खरे आहे. पण त्या गावांची देवळे त्याआधी पोर्तुगीजांनी पाडली होती, आणि नंतर कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. समुद्रातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ लावणाऱ्याला पाडलेल्या देवळाची खूण वाचता आली नाही. त्याच्यावरच्या प्रेमापोटी आपण हे झाकू नये.

आणि त्याच पत्रात, भावासाठी लिहिलेल्या त्याच लॅटिन मजकुरात, दुसरा स्टीफन्सही आहे. १५७९ साली वडिलांना तो म्हणाला होता, येथे द्राक्षवेलीखेरीज युरोपातले एकही झाड मी पाहिले नाही, पण झाडांविषयी लिहायचे तर आणखी एवढेच पत्र होईल. ते देणे तो भावाकडे फेडतो. नारळाचे झाड कसे: त्याचे तेल, माडी, साखर, शिर्का, त्याच्या काथ्याचे दोर, त्याची झावळी झोपडीवर, फळ म्हणाल तर माणसाच्या डोक्याएवढे, सोलल्यावर दोन मुठींएवढे. कोकणी माणसाने वाचावे आणि आपल्याच परसातल्या माडाकडे नव्याने बघावे! पुढे भाषांची गोष्ट. येथे भाषा पुष्कळ आहेत, उच्चार कानाला गोड लागतात, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिनला जवळची आहे. सर विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या नात्याचा सिद्धांत मांडला तो १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीत राहणारा एक तरुण घरच्या पत्रात हे सहज बोलून गेला.

१६१६ साली राचोलला छापलेले 'ख्रिस्तपुराण' याच माणसाचे. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, तो गोव्यातच वारला. चाळीस वर्षांत एकदाही परत गेला नाही. पुराणाची पहिली तिन्ही छापील संस्करणे आज उपलब्ध नाहीत. आपल्या हाती आले ते सालढाणांनी १९०७ साली मंगळूरहून काढलेल्या आवृत्तीमुळे, आणि देवनागरीत आले ते १९५६ साली शांताराम बंडेलूंच्या श्रमाने. त्यात स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. पंडितांनी यामागे प्रचाराचे डावपेच पाहिले आहेत, आणि ते नाहीत असे मी म्हणत नाही. पण वडिलांना शार्क समजावा म्हणून ज्याने उमरावाचे हुजरे आणले, त्याने साष्टीच्या शेतकऱ्याला स्वर्ग समजावा म्हणून वैकुंठ आणले, एवढी सलगता मला स्पष्ट दिसते. वडिलांच्या जागी आता समोर बसलेले श्रोते आहेत, आणि ते मध्येच शंकाही विचारतात. स्टीफन्स थांबतो, शंका मांडू देतो, आणि मग ओवी पुढे चालू करतो. दिवाळीच्या सुटीत पुराण हाती आले तर प्रथम हेच प्रसंग काढून वाचा, आणि घरात ऐकणारे कोणी असेल तर मोठ्याने वाचा.