झाडीत वाचलेले ‘रान’

‘सध्या परदेशातील काय वाचता?’ असे एका स्नेह्याने आम्हांस मध्यंतरी पत्राने विचारले. प्रश्न करणारे गृहस्थ पुण्याचे. आणि भंडाऱ्यासारख्या ठिकाणी राहणारा मनुष्य जगाचे वाङ्मय वाचतो तरी कसे, हे कुतूहल त्या प्रश्नात थोडेसे दडलेले होते. उत्तर सोपे होते. कॉनरॅड रिक्टर ह्या अमेरिकन कादंबरीकाराची ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही तीन पुस्तके जी. ए. कुलकर्णी यांच्या मराठीतून आम्ही वाचीत आहोत. परंतु एवढे लिहून पत्र संपविणे आमच्याने झाले नाही. ही पुस्तके पुण्यात वाचणे निराळे आणि झाडीत वाचणे निराळे, हे वाचता वाचता आमच्या ध्यानी आले, व जे पत्रात मावले नाही ते येथे लिहीत आहोत.

ज्यांस आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, भंडारा, 1999 साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, आणि त्यांच्या दक्षिणेचे चंद्रपूर व गडचिरोली, मिळून जो वैनगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश होतो त्यास लोक झाडीपट्टी, किंवा नुसते ‘झाडी’ म्हणतात. मराठी वाङ्मयाशी ह्या प्रदेशाचा संबंध कालपरवाचा नव्हे. चक्रधरस्वामींच्या शिष्यांत नीळभट्ट भांडारेकार होते, व त्यांच्या नावातच आमचे गाव आहे. तथापि आम्हांस ह्या प्रसंगी महत्त्व वाटते ते मुलखाच्या नावाचे. माणसांनी आपल्या प्रांतास राजावरून नाव दिले नाही, नदीवरून दिले नाही, झाडांवरून दिले.

आणि रिक्टरच्या पहिल्या पुस्तकाचे मूळ नाव काय? ‘द ट्रीज’. म्हणजे, अक्षरशः बोलावयाचे तर, झाडे, झाडी.

हे पुस्तक 1940 साली निघाले, ‘द फील्ड्स’ 1946 साली व ‘द टाउन’ 1950 साली. ह्या शेवटच्यास पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातून पश्चिमेकडे, ओहायोच्या अरण्यात, लकेट नावाचे एक कुटुंब शिरते. बाप वर्थ हा हाडाचा शिकारी. जेथे शिकार तेथे त्याचे घर. आई जॅरी क्षयाने खंगलेली. त्या निबिड छायेत तिला ऊन दिसत नाही, व उन्हाचा ध्यास घेऊनच ती मरते. धाकटी सूली गुरे पाहावयास गेलेली रानात हरवते. तिच्या शोधास निघालेला बापही मग वर्षानुवर्षे परतत नाही. राहते थोरली सेवर्ड. ही निरक्षर, धिप्पाड, अबोल मुलगी भावंडांस वाढविते, मॅसॅच्युसेट्सकडून येऊन रानात एकाकी राहिलेल्या पोर्शियस नावाच्या वकिलाशी लग्न करते, आणि हातात कुऱ्हाड घेऊन एकेक वृक्ष पाडीत जमीन मोकळी करीत जाते. तीन पुस्तकांत मिळून एवढेच घडते: रानाचे शिवार होते, शिवाराचे गाव होते, आणि सेवर्ड म्हातारी होते.

भाषांतरकाराने ‘झाडी’ असे नाव न देता ‘रान’ दिले, ह्याचा प्रथम आम्हांस, आमच्या मुलखाच्या अभिमानामुळे म्हणा, थोडासा विषाद वाटला. विचार केल्यावर तो नाहीसा झाला. ‘रान’ हा शब्द मोठा गंमतीचा आहे. आमच्याकडे रान म्हणजे जंगल. परंतु देशावरचा शेतकरी ‘रानात जातो’ म्हणतो तेव्हा तो आपल्या पेरलेल्या वावरात जात असतो. एकाच शब्दात अरण्यही आहे व शेतही आहे. म्हणजे सेवर्डने आयुष्यभर कुऱ्हाड चालवून जे घडविले, ते मराठी भाषेने एका शब्दात आधीच घडवून ठेवले होते. जी. एं.नी हा विचार केला होता किंवा काय, हे सांगता येणार नाही. पण बेळगाव-धारवाडकडच्या माणसाच्या कानात ‘रान’ शब्दाचे दोन्ही अर्थ असावेत, असे मानावयास हरकत नाही. ‘शिवार’ तर नेमकेच. ‘गाव’ मात्र आम्हांस तितके पटत नाही. तिसऱ्या भागात वसाहतीचे ‘अमेरिकस’ असे भारदस्त बारसे होते, कालवा, न्यायालय, वर्तमानपत्र सर्व काही येते, आणि सेवर्डची मुले आईच्या लाकडी खोपटाची लाज बाळगू लागतात. मराठी मनात ‘गाव’ म्हटले की पार, पाणवठा व पाटील उभा राहतो. त्या अर्थाने सेवर्डचे खरे गाव दुसऱ्याच भागात संपते. ‘कसबा’ शब्द कदाचित अधिक जवळचा झाला असता. हा दोष फार मोठा नव्हे. तीन नावे एकाखाली एक वाचताना जो ठेका साधतो तो ‘कसब्या’ने बिघडला असता, हेही कबूल केले पाहिजे.

ह्या कादंबऱ्यांचे खरे सामर्थ्य त्यांतील रान हे केवळ पार्श्वभूमी नाही, ते प्रतिपक्ष आहे, ह्यात आहे. सेवर्ड झाडांचा द्वेष करते. ती त्यांस माणसासारखी वैरी मानते. आणि उतारवयात, मोठ्या घरात राहावयास गेल्यावर, त्याच सेवर्डला उघड्या बोडक्या अंगणाची भीती वाटू लागते व ती पुन्हा झाडे लावते. हा पालट रिक्टरने उपदेशाचा एक शब्द न घालता दाखविला आहे, व तेथे त्याची योग्यता आम्हांस सर्वांत अधिक पटली.

परंतु झाडीतील वाचकास येथेच एक प्रश्न पडतो. आमचीही झाडी तुटली. ती कोणी तोडली? गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाचे लोक ह्या मुलखात आले, परंपरेप्रमाणे ते काशीकडून आले, आणि त्यांनी उतारावर मातीची पाळ घालून तलाव बांधले, तलावाखाली धानाच्या बांध्या पाडल्या, ऊस लावला. पुढे मालगुजारी आली, तलावांसही मालगुजारी हे नाव चिकटले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, नाव राहिले. म्हणजे आमच्याकडे झाडाची जागा आधी पाण्याने घेतली व मग शेताने. सेवर्ड एका हाती कुऱ्हाड व दुसऱ्या हाती मूल घेऊन एकटी झगडते. तलाव एकट्याने होत नाही. पाळीला शंभर हात लागतात, तुडुमातून पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडावयाचे ह्यास सर्वांची संमती लागते. ही कथा रिक्टरच्या कथेहून कमी नाट्यपूर्ण आहे, असे आम्हांस वाटत नाही. ती मराठीत कादंबरीरूपाने आलेली निदान आमच्या वाचनात नाही. ओहायोची झाडी आम्ही मराठीत वाचतो आणि भंडाऱ्याची वाचावयास मिळत नाही, ही गोष्ट आम्हांस टोचली.

दुसरीही एक गोष्ट टोचली. रिक्टरच्या रानात आधीपासून कोणी राहत होते. ते रेड इंडियन लोक ‘रान’मध्ये झाडांआडून येतात व झाडांआड जातात. हरवलेली सूली अखेरच्या भागात सापडते ती त्यांच्यातील एकाची बायको म्हणून, आणि भेटीस आलेल्या बहिणींस ती ओळख देत नाही. तो प्रसंग वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. लेखकास ह्या प्रश्नाची जाणीव होती ह्याचा तो पुरावा आहे. ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ ही त्याची 1953 ची कादंबरी, जिचेही जी. एं.नी ‘रानातील प्रकाश’ ह्या नावाने मराठी केले, सर्वस्वी त्याच प्रश्नावर उभी आहे. तरीही त्रयीपुरते बोलावयाचे तर कुऱ्हाडीच्या मागून जाणाऱ्याची बाजू त्याने हृदयातून लिहिली, पुढून हटणाऱ्याची बाहेरून. आमच्या झाडीची कादंबरी लिहिणारास गोंडांच्या बाबतीत एवढी सवलत आम्ही देणार नाही.

भाषेविषयी थोडे. रिक्टरने जुनी कागदपत्रे व वृद्धांची बोलणी धुंडाळून वसाहतकाळच्या बोलीचे शब्द जमविले आणि ते संवादांतच नव्हे, तर निवेदनातही मुरविले. अशा पुस्तकाचे मराठी कोणत्या मराठीत करावयाचे? जी. एं.नी आपल्या स्वतःच्या गद्याचा आश्रय केला, असे आमचे मत झाले. ते गद्य इतके समर्थ आहे की तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु बोडी, बांधी, पऱ्हे, रोवणी, तुडुम असे रान-पाण्याचे शब्द ज्या बोलीत रोज उच्चारले जातात ती झाडीबोली दंडारीपुरती व खडी गंमतीतील हशापुरतीच राखून ठेवावयाची काय? साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी व झाडीबोली साहित्य मंडळाने ह्या बोलीस लेखनात प्रतिष्ठा मिळावी म्हणून मोठा उद्योग केला आहे. जगातील एखादी रानाची कादंबरी ह्या बोलीत आणून पाहावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. बोलीचे बळ कवितेत अर्धेच कळते. चारशे पानांच्या गद्याखाली तिला उभी केली म्हणजे पुरते कळते.

रिक्टरच्या सोबतीस आम्ही दुर्गा भागवतांचे ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ ठेवले होते. थोरोच्या 1854 च्या ग्रंथाचे हे मराठी रूप 1965 चे. मध्य हिंदुस्थानातील रानांत लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी हिंडलेल्या विदुषीने ते केले, हे पानोपानी जाणवते. थोरोने आपल्या तळ्याची खोली दोरी सोडून मोजली व ती 102 फूट भरली. हा भाग आमच्या वाचनमंडळात वाचला तेव्हा एक वृद्ध शिक्षक म्हणाले, ‘‘ह्यांचे तळे देवाने केलेले. गाळ काढण्याची ह्यांस काळजी नाही.’’ थोरोवर इतकी मार्मिक टीका आम्ही अन्यत्र वाचलेली नाही. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले ‘एका कोळियाने’ही चाळले. ‘कोळी’ शब्दावरील श्लेष सुंदर खराच. मात्र वैनगंगेवर जाळे टाकणारा तो ढिवर, आणि ढिवर म्हटले की श्लेष संपतो.

येथे एक शंका मनात येते ती लपवीत नाही. वरील तिन्ही पुस्तके अमेरिकेची आहेत. हा आमच्या आवडीचा परिणाम नव्हे. 1960 च्या सुमारास अमेरिकन पुस्तकांच्या मराठी भाषांतरांस अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याचे पाठबळ मिळे. जयवंत दळवी त्याच खात्यात होते. दुसऱ्या बाजूने मॉस्कोहून छापून आलेली रशियन पुस्तके स्वस्तात मिळत. दोन बलाढ्य राष्ट्रांच्या चढाओढीत आमच्यासारख्या मुफसल वाचकाच्या फळीवर टॉल्स्टॉय आणि रिक्टर शेजारी शेजारी येऊन बसले, ही चढाओढीची चांगली बाजू. पण ज्या देशांपाशी असे खाते नव्हते ते आमच्या फळीवर आलेच नाहीत. आफ्रिकेतील एखाद्या नदीकाठी भात लावणारी बाई आम्हांस सेवर्डपेक्षा जवळची वाटली असती कदाचित.

‘शिवार’ची जी प्रत आमच्या हाती आली ती एका वाचनालयाची. तिच्या शेवटच्या पानावरील तारखांच्या चिठ्ठीत आमच्या आधीची नोंद वीस वर्षांपूर्वीची आहे. ती परत करण्याची मुदत गेल्या सोमवारी संपली. पण मंडळातील दोघांचे वाचन राहिले आहे, तेव्हा दंड भरण्याचे ठरले आहे. ‘रानातील प्रकाश’ येथे कोठेच मिळाले नाही. पुण्याच्या स्नेह्यांस तसे कळविले असून, त्यांच्या संग्रही असल्यास टपालाने पाठवावे, अशी विनंती केली आहे.